उंदीर दिवसा खात नाही

"निरांजन पेटव," तगारे सर म्हणाले.

"सर, हायड्रोजन आहे," मी म्हणाले.

"आत किती टक्के?"

"आत अजून काहीच सोडलेलं नाही. पण व्हरांड्यातल्या सिलिंडरमध्ये शंभर टक्के आहे."

सरांनी दाराबाहेर साखळीने बांधलेल्या सिलिंडरकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या काडेपेटीकडे पाहिलं. ते औषधनिर्माणशास्त्राचे विभागप्रमुख होते, त्यामुळे या दोन वस्तूंचा परस्परसंबंध लक्षात यायला त्यांना फार वेळ लागला नाही. काडेपेटी त्यांनी खिशात टाकली.

"मग ओवाळायचं कसं?"

"तसंच ओवाळा की," दगडूमामा म्हणाले. मामा आमच्या प्राणीगृहाचे सेवक. दोन्ही हातांत नारळ धरून ते मघापासून ताटकळले होते. "देवाला काय, भाव कळतो."

मग सरांनी न पेटवलेल्या निरांजनाने आमच्या नव्या चेंबरला ओवाळलं. मी घंटा वाजवली. मामांनी नारळ बाहेर नेऊन पायरीवर फोडला.

खंडेनवमीचा दिवस होता. सुतार करवतीची पूजा करतो, कंडक्टर एसटीची करतो, तशी आम्ही त्या अॅक्रिलिकच्या पेटीची करत होतो. कोकरू मावेल एवढी ती पारदर्शक पेटी. एका बाजूने नळी आत येणार, दुसऱ्या बाजूने बाहेर जाणार, आणि आत बसलेले उंदीर हवेत जरासा मिसळलेला हायड्रोजन हुंगून स्वतःचं यकृत बरं करून घेणार, अशी योजना होती. सरांनी पेटीला पाच बोटं कुंकवाची ओढली. ती कोणाला दिसली नाहीत. आमच्या प्राणीगृहात लाल दिवा असायचा आणि लाल उजेडात कुंकू दिसत नाही. पण खाली झेंडूची फुलं होती, तेव्हा पूजा झाली हे कळत होतं.

"आता एक लक्षात ठेव, दगडू," सर म्हणाले. "याची पूजा झाली. यात खरकटं पडता कामा नये. तुझे ते तुपकट लाडू तर अजिबात नकोत. काचेसारखी लख्ख राहिली पाहिजे. बापूसाहेब केव्हाही बघायला येतील."

"मग आत असतील तवर खायाला?"

"उंदीर दिवसा खात नाही, झोपतो. पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल. काय गं वैजयंती?"

वाक्य बरोबरच होतं. पाठ्यपुस्तकात तसंच छापलेलं आहे.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते आणि तगारे सर माझे मार्गदर्शक होते. कृष्णाकाठच्या त्या गावात बापूसाहेबांच्या संस्थेने साखर कारखान्यापाठोपाठ औषधनिर्माण महाविद्यालय काढलं होतं. प्रबंध झाला तर तिथेच मला शिकवण्याची जागा मिळणार होती. नाही झाला तर कराडला मावसभावाच्या औषधाच्या दुकानात. तिथे दुकानाच्या भिंतीवर लावायला प्रमाणपत्र हवं होतं, आणि प्रमाणपत्राबरोबर माणूस आला तरी मावसभावाची हरकत नव्हती. शिष्यवृत्ती पुढच्या दिवाळीला संपणार होती. प्रबंध सादर करायचा तर आधी एक शोधनिबंध छापून यायला हवा, हा सरांचा नियम. म्हणजे सगळं त्या पेटीवर होतं.

विषय होता यकृतावर चढणारी चरबी. ती उंदरांना चढवणं हे दगडूमामांचं काम. नेहमीच्या खाद्याचा चुरा, त्यात वनस्पती तूप, साखर आणि कोलेस्टेरॉलची पूड असं मळून ते लाडू वळत. प्राणीगृहात बारसं असल्यासारखा वास सुटे. काही आठवड्यांत उंदीर असे गुबगुबीत झाले की उचलले की हातात ओघळत.

"दृष्ट लागंल," मामा म्हणत. आजारी पाडलेल्या प्राण्याला दृष्ट लागून आणखी काय व्हायचं, हे मी त्यांना विचारलं नाही.

मग त्यांचे दोन गट केले. एक गट पिंजऱ्यात नेहमीसारखा, लाडवांसकट. दुसरा रोज कॉलेज उघडलं की पेटीत आणि कॉलेज सुटायच्या सुमाराला परत पिंजऱ्यात. तिथे लाडू होतेच. आजार टिकला पाहिजे, नाहीतर बरं कशाला करायचं? सकाळी वजनं मी घ्यायची आणि गॅस मी सोडायचा. संध्याकाळी उंदीर परत ठेवायचं काम मामांचं. त्या वेळी मला पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची असत.

प्रयोग संपल्यावर यकृतं काढली तेव्हा सर स्वतः प्रयोगशाळेत आले. पिंजऱ्यातल्यांची यकृतं पिवळट, लोण्यात बोट बुडवावं तशी चिकट. पेटीतल्यांची तांबूस तपकिरी, घट्ट. सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती.

"बघ!" सर म्हणाले. "बघ, बघ!"

"वजनंही उतरलीत, सर."

"मग उतरणारच! चयापचय सुधारला!"

"पण का उतरली असतील? खाद्य तर तेच आहे."

"गॅसमुळे," सर म्हणाले. तेव्हापासून त्या विभागात जे जे होई ते गॅसमुळे होई.

सरांचा उत्साह निव्वळ शास्त्रीय नव्हता, हे सांगायला हवं. त्यांच्या स्वतःच्या यकृतावर चरबी होती. सोनोग्राफीत दुसरी श्रेणी निघाली होती. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलं होतं, आणि तो उपाय सरांना शास्त्रीयदृष्ट्या फार ढोबळ वाटत होता. तसे ते गुरुवार करत. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू आणि वर दही. म्हणजे इतर दिवसांपेक्षा उपासालाच जास्त पदार्थ होत.

बापूसाहेबांना बातमी कळली तशी त्यांनी एक यंत्र मागवलं. पाण्यापासून हायड्रोजन करणारं, टेबलावर मावणारं. ते सरांच्या केबिनमध्ये बसलं. सर सकाळ-दुपार नाकाला नळी लावून बसू लागले. मी सही घ्यायला गेले की दिसे ते असं: नळी नाकाला, बटाटेवडा तोंडाला. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू.

"हलकं वाटतंय," सर सांगत.

कॉलेजच्या मागच्या दोन खोल्यांवर 'श्वासोपचार केंद्र' अशी पाटी लागली. उद्घाटनाला कोण येणार यावर बापूसाहेबांची खलबतं सुरू झाली. बापूसाहेब एकदा प्राणीगृहातही येऊन गेले. लाल दिव्यात उभे राहून म्हणाले, "तगारे, म्हणजे खायचं सगळं आणि वरनं हुंगायचं?"

"तसंच म्हणा."

"मग हे तर आमच्या तालुक्यासाठीच निघालंय."

अशा दिवसांत नियतकालिकाच्या परीक्षकाचं उत्तर आलं. निबंध त्यांना आवडला होता. एकच प्रश्न होता. पेटीत नुसती हवा सोडून उंदीर ठेवले होते का? तसा गट निबंधात कुठे दिसत नाही.

"नुसती हवा देऊन काय सिद्ध करणार?" सर म्हणाले. "हवा तर सगळेच घेतात. हा परीक्षक मत्सरी दिसतो."

"प्रश्न बरोबर आहे, सर."

"बरोबर आहे. म्हणूनच म्हणतो, लिही की केला होता. हवेने काही फरक पडला नाही."

"केला नव्हता."

"उत्तर माहीत आहे ना पण?"

"नाही, सर."

सरांनी नाकातली नळी सरळ केली. "वैजयंती, तुझी शिष्यवृत्ती कधी संपते?"

"दिवाळीला."

"आणि तुला नवा गट करायचाय. परवानगी काढायची, नवे उंदीर आणायचे, पुन्हा लाडू वळायचे."

"हो."

"कराडचं दुकान चालतं का गं बरं?"

"चालतं, सर. शनिवारी गर्दी असते."

ते म्हणाले, "कर. पण लवकर कर. उत्तर ठरलेला प्रयोग आहे." यंत्रातून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत राहिला.

मी तसं केलं. दगडूमामांनी पुन्हा तूप मळलं, उंदीर पुन्हा फुगले. या वेळी तीन गट होते. एक पिंजऱ्यातला, एक गॅसचा आणि एक नुसत्या हवेचा. हवेसाठी मामांनी माळ्यावर पडलेली जुनी पेटी काढून धुतली. हिची पूजा झालेली नव्हती, पण मामांनी न्यायबुद्धीने दोघींना एकच नियम लावला.

यकृतं काढली. पिंजऱ्यातली पिवळी. गॅसची तांबूस तपकिरी. हवेची तांबूस तपकिरी.

मी त्या दोन गटांची तबकं शेजारी ठेवली आणि चिठ्ठ्या काढून घेतल्या. मग कोणतं कुणाचं हे मलाही सांगता येईना. चिठ्ठ्या परत लावायच्या तर तबकांखाली आधीच लिहून ठेवलेले क्रमांक तपासावे लागले.

सर आले, दोन्ही तबकं पाहिली.

"गळती," ते म्हणाले.

"कसली?"

"गॅसची. एका खोलीत दोन पेट्या ठेवल्यास. गॅस या पेटीतून त्या पेटीत गेला असणार."

"मग पिंजऱ्यातल्यांनाही मिळाला असता. तेही त्याच खोलीत होते."

"मग दगडूने अदलाबदल केली."

"गॅस मी सोडते, सर."

"मग तू केलीस!" ते ओरडले. पुढच्याच क्षणी ते खजील झाले आणि म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो. उद्या. कुठे काय चुकतंय ते डोळ्यांनी बघतो. काही उंदीर राखून ठेवलेत ना?"

राखून ठेवले होते, रोजच्याच क्रमाने पेटीत जात होते. सर प्राणीगृहात सहसा येत नसत. त्यांना वास सोसत नसे. पूजेच्या दिवसानंतर ते एकदाच आले होते, बापूसाहेबांना घेऊन, आणि तेव्हा लक्ष बापूसाहेबांकडे होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटायच्या जरा आधी ते नाकाला रुमाल लावून आले. बाहेर व्हरांड्यात लख्ख ऊन होतं. आतलं दार लोटून घेतल्यावर त्यांना काही वेळ काहीच दिसेना. एका हाताने माझा खांदा धरून ते उभे राहिले.

त्यांनी नळ्या तपासल्या. जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. एकही आला नाही. चिठ्ठ्या वाचल्या. सगळं जागच्या जागी होतं.

"सर, आता यांना काढायचं हाय," दगडूमामा म्हणाले. "बाजूला व्हता का जरा?"

मामांनी झाकण उघडलं. दोन उंदीर उचलून पिंजऱ्यात सोडले. ते थेट लाडवावर गेले. एकाने दुसऱ्याला ढकललं, दुसरा त्याच्या पाठीवर चढला, दोघंही पुढच्या पायांत लाडू धरून असे कुरतडू लागले की तुपाचे कण मिशांना चिकटले. मामांनी दुसरी पेटी उघडली. तिथेही तेच. शेजारच्या पिंजऱ्यातले, दिवसभर बाहेरच राहिलेले, लाडू उशाला घेऊन लोळत होते.

"एवढे का हापापलेत?" सरांनी विचारलं.

"रोजचंच हाय की. दिसभर उपाशी असत्यात बिचारी."

"कोणी सांगितलं उपाशी ठेवायला?"

"तुम्हीच," मामा म्हणाले. "खरकटं नको म्हणला व्हता. पूजा केली तवा."

"हो, पण उंदीर दिवसा खा..."

सर थांबले. त्यांनी मान वर करून लाल दिव्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

त्या प्राणीगृहाचं उजेडाचं घड्याळ उलटं होतं. आम्ही कामावर येतो तेव्हा उंदीर जागे असावेत, म्हणून दिवसा तिथे अंधार केलेला होता आणि रात्रभर लख्ख दिवे. लाल उजेड उंदरांना जवळजवळ दिसतच नाही. त्यांच्या लेखी आमचं कॉलेज उघडतं तेव्हा रात्र होते आणि त्यांची जेवणं सुरू होतात. नेमके तेव्हाच आम्ही त्यांना पेटीत बसवत होतो. पेटीतून बाहेर येत तोवर त्यांची झोपायची वेळ होत आलेली असे. मग दोन घास खाऊन बिचारे आडवे होत. ही उलटी व्यवस्था सरांनीच पाच वर्षांपूर्वी मोठ्या कौतुकाने लावली होती. तिच्यावर संस्थेच्या वार्षिकात त्यांचा लेखही आला होता, फोटोसकट.

सर पिंजऱ्यापुढच्या स्टुलावर बसले. एक उंदीर जाळीला पाय लावून उभा राहिला आणि त्यांच्या खिशाच्या दिशेने नाक हलवू लागला. खिशात शेंगदाण्याचा लाडू होता. तो गुरुवार होता.

"म्हणजे जेवण," सर शेवटी म्हणाले. "नुसतं जेवण."

"हो, सर. न मिळालेलं जेवण."

"गॅसचं काहीच नाही?"

"ते अजून नक्की सांगता येणार नाही. दोन्ही पेट्यांतले उपाशीच होते. पोटभर खाऊन गॅस घेतलेला गट आपण केलेलाच नाही."

ते उठून गेले. रुमाल माझ्या टेबलावरच राहिला.

त्यानंतर दोन दिवस सर केबिनमधून बाहेर आले नाहीत. परीक्षकाला उत्तर द्यायची मुदत संपत आली होती. सही त्यांची लागणार होती. मागच्या खोल्यांना पताका लागल्या होत्या आणि आमंत्रणपत्रिका छापायला गेली होती. मला पुढचं दिसत होतं. उत्तर आधीच ठरलेलं, गट दाबलेला, निबंध छापलेला आणि मी त्याच कॉलेजात फळ्यापुढे उभी राहून 'गॅसमुळे' असं शिकवते आहे. मी मावसभावाला फोन करून विचारलं, जागा आहे ना. तो म्हणाला, "काउंटरमागं पंखा बसवलाय तुझ्यासाठी."

तिसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. टेबलावर यंत्र होतं, पण बंद. नळी गुंडाळून रबर लावून ठेवलेली होती. चहा होता, वडा नव्हता.

"तुझ्या तक्त्यात एक गट राहिलाय म्हणालीस," ते म्हणाले. "पोटभर जेवण आणि वर गॅस."

"हो. पण त्याला पुन्हा परवानगी काढावी लागेल. नवे प्राणी..."

"प्राणी आहे."

मला कळलं नाही.

"काल सोनोग्राफी करून घेतली," ते म्हणाले. "दुसरीची तिसरी श्रेणी झाली. सहा महिने रोज दोन वेळा, एकही दिवस न चुकवता. इतका शिस्तीचा प्राणी तुला मिळायचा नाही."

मी हसले नाही. हसायला हवं होतं बहुतेक, कारण ते माझ्या तोंडाकडेच पाहत होते.

"सर, एका प्राण्यावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"माहीत आहे गं. मीच शिकवलंय." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "परीक्षकाला खरं ते लिही. निबंध मागे घेतो म्हणावं. आणि प्रबंधाचं शीर्षक बदल. गॅस काढ. प्राण्याच्या जागेपणी अन्न न देण्याचा यकृतावरील परिणाम, असं काहीतरी. नुसता उपास म्हणू नकोस, विद्यापीठाला हलकं वाटेल."

"आणि केंद्र?"

"बापूसाहेबांना मी सांगतो."

ते कसं सांगितलं हे मला दगडूमामांकडून कळलं, कारण मामा तेव्हा पाणी घेऊन आत गेले होते. बापूसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "न खाल्ल्यानं बरं वाटतं, हे आमच्या मंडळी मला रोज ताटावर बसलं की सांगतात, तगारे. त्याला इमारत कशाला लागती?" पताका उतरल्या. त्या खोल्यांत पुढे मुलींचं वाचनालय झालं. पाटीवरचा 'श्वासोपचार' खरवडला. 'केंद्र' शाबूत राहिलं आणि त्याच्या आधी 'वाचन' रंगवून घेतलं.

शिष्यवृत्ती संपली. त्यानंतरचे महिने मी शनिवारी-रविवारी कराडच्या पंख्याखाली बसून आणि बाकीचे दिवस लाल दिव्याखाली उभं राहून काढले. नव्या प्रयोगात पेटी नव्हती, गॅस नव्हता. फक्त लाडू ठेवायचे आणि उचलायचे. मामांना ते फार कठीण गेलं. "ताई, समोरनं ताट वढायचं म्हंजे पाप हाय," ते म्हणत, आणि उचलत. निबंध दुसऱ्या नियतकालिकात छापून आला.

मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक हैदराबादहून आले होते. काटेकोर माणूस. त्यांनी दीड तास मला सोललं. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "या सगळ्यात मला एक गोष्ट विशेष वाटली. उजेडाचं घड्याळ उलटं करायचं आणि नेमकं प्राण्याच्या जेवणाच्या वेळेला अन्न काढून घ्यायचं. इतका नेटका आराखडा सहसा दिसत नाही. ही कल्पना सुचली कशी?"

मी सरांकडे पाहिलं. सर पहिल्या रांगेत बसले होते. सदरा त्यांना आता खांद्यावर ढगळ होत होता.

"खंडेनवमीला," सर म्हणाले.

परीक्षकांना ते अतिशय आवडलं. सणाच्या दिवशीसुद्धा विज्ञानाचा विचार करणारे लोक अजून आहेत, असं ते आभाराच्या भाषणात म्हणाले.

नंतर दगडूमामा पेढ्यांचं ताट घेऊन फिरले. परीक्षकांनी दोन घेतले. बापूसाहेबांनी मोजले नाहीत. सरांपुढे ताट आलं तेव्हा त्यांनी एक पेढा उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून सावकाश, खोल श्वास घेतला. मग पेढा होता तिथे परत ठेवला.

"सर, घ्या की," मामा म्हणाले. "पोरगी डाक्टर झाली."

"घेतला," सर म्हणाले.